घमेल्याखालचं पाऊल

अहो, तुमचं मशीन अजून तिथंच उभं आहे. लिंबाच्या वीतभर अलीकडं, तोंड झाडाकडं करून, तुम्ही थांबवलंत तसंच. वर प्लास्टिकचा कागद टाकलाय आणि कडांना विटा ठेवल्यात, वाऱ्यानं उडू नये म्हणून. महेश म्हणाला, शेडमध्ये ढकलून ठेवतो. मी म्हटलं, हात लावायचा नाही. आपला मुलगा तुमच्यावर गेलेला नाही, एकदा नाही ऐकलं की पुन्हा विचारत नाही.

सकाळी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की आधी तेच दिसतं. दाराकडची अर्धी जागा भुसभुशीत, पलीकडची अर्धी टणक, आणि दोन्हींच्या मधे कागदाखाली तुमचा माती मोकळी करायचा टिलर. शिवाय दार आणि टिलर यांच्या मधोमध, मऊ मातीत, एक पालथं घातलेलं घमेलं. बघणाऱ्याला वाटेल कुणीतरी विसरलंय. त्याच्याखाली काय आहे ते आम्हा दोघींनाच माहीत आहे, मला आणि आपल्या सुनेला, कोमलला. तुम्हालाही माहीत असणार, पण तुम्ही कुठं सांगणार आता.

तुमचा जन्म, तुमची नोकरी, तुमची सगळी नावगावं दत्तू भाऊजींनी श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर छापली. इथं कारेगावच्या चौकात एक आणि तुमच्या गावी, राहूला, वेशीत एक. फोटो तो लावला ज्यात तुम्ही कपाळाला आठ्या घालून उभे आहात. तो फोटो महेशच्या साखरपुड्यातला. माझ्यावरच चिडला होतात तेव्हा, मी पाहुण्यांसमोर लिंबाचा विषय काढला म्हणून. आता भाजीला गेले की चौकात तुम्ही माझ्याकडं तसेच बघता. मी खाली मान घालून पुढं जाते.

तेव्हा ते सगळं राहू दे. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय, जमिनीसारखंच.

आठवतंय ना, टिलर आणला तो दिवस? राहूची जमीन भावाच्या हवाली करून तुम्ही सगळं आयुष्य कंपनीत काढलंत. मला वाटलं होतं रिटायर झाल्यावर घरात बसून डोकं खाल. त्याऐवजी टेम्पोतून हे लाल मशीन उतरलं. घरामागच्या दोन गुंठ्यांसाठी! भाऊजी त्या दिवशी आलेच होते. पोट धरून हसले.

"दादा, दोन गुंठ्याला टिलर? उद्या कुंडीला ट्रॅक्टर आनशील!"

"तुझी जमीन तू कस," तुम्ही म्हणालात. "माझी मला कसू दे."

मीही हसले होते, पदर तोंडाला लावून. पण तुम्ही मशीनच्या हँडलवरून ज्या तऱ्हेनं हात फिरवला ते मी पाहिलं. इतकी वर्षं कंपनीतल्या मशीनला तुम्ही हात लावलात, पण ते तुमचं नव्हतं. हे तुमचं होतं. बोलायला हवं होतं तेव्हा, बरं केलंत म्हणून. हसण्यातच राहून गेलं.

माती तयार करायची तुमची रीत मला पाठ झाली होती. दारात भाजी निवडत बसायचे आणि बघायचे. आधी पाणी द्यायचं, मग वापसा यायची वाट बघायची. ओल्या मातीत टिलर घातला की ढेकळं होतात आणि मग ती उन्हाळाभर दगडासारखी राहतात, असं तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात. मूठभर माती घ्यायची, दाबायची, कंबरेएवढ्या उंचीवरून सोडायची. पडून फुटली तर वापसा आला, तशीच राहिली तर अजून थांबायचं. पहिला हात वरवर, दुसरा हात खोल. मधे शेणखत. तुमचं ते मुठी सोडणं चालू असलं की मी म्हणायचे, चेंडू खेळून झाला असेल तर जेवायला या.

आणि पायाचा नियम! टिलर मारलेल्या मातीवर पाय ठेवायचा नाही. हँडल एका बाजूला वळवून घ्यायचं आणि आपण टणक बाजूनं चालायचं. तुमच्यामागं कधी एक पाऊल उमटलेलं दिसायचं नाही, मशीन जणू एकटंच फिरून आलंय. घरातल्यांनाही तोच कायदा. भिंतीकडेला हातभर टणक पट्टी ठेवली होतीत, ये-जा तिच्यावरूनच. कोमल नवीन आली तेव्हा दोरीवरचे कपडे काढायला सरळ मातीतून गेली, तर तुम्ही केवढ्यानं ओरडला होतात.

"मऊ मातीत पाय नको! आपनच मोकळी करायची आन् आपनच तुडवायची, व्हय?"

पोरगी रडायला आली. मग संध्याकाळी तुम्हीच तिच्यासाठी भजी घेऊन आलात. मला नाही, तिच्यासाठी. मी तिच्याबद्दल काही बोलले की तुम्ही तिची बाजू घ्यायचात. "फोनवर असती तर असू दे की. घरात मानूस बोलतंय, भांडत न्हाई, हे काय कमी हाय?" असं. तुमचा टोला कुणाला होता ते मला कळायचं.

मला एकदा मशीन धरायला लावलं होतंत. मी म्हटलं, मी काय गडी आहे का? तुम्ही म्हणालात, धर तर. धरलं आणि ते मला ओढत वांग्यात घेऊन गेलं. मी जीव खाऊन दांडा आवळून धरलेला, आणि तुम्ही बाजूनं पळताय आणि हसताय.

"हात सोड! आगं हात सोड! सोडला की थांबतंय ते!"

सोडला आणि खरंच थांबलं. तीन वांग्यांची रोपं गेली, पण तुम्ही काही बोलला नाहीत. नंतर समजावून सांगितलंत. हा डाव्या हाताचा दांडा दाबून धरला की पाती फिरतात, सोडला की थांबतात. माणसाला काही झालं, पडला, घसरला, तरी हात सुटतोच, म्हणून तसं बनवलंय. "लई इमानदार मशीन हाय," म्हणालात. ते वाक्य मला हल्ली कुठंही ऐकू येतं. भांडी घासताना, दळण टाकून रांगेत उभी असताना.

चालू मशीन सोडून जायचं नाही, हा तुमचा दुसरा कायदा. तो कंपनीतून आणलेला. तिकडं तुमच्या हाताखालच्या पोरांना हिंदीतून ओरडायचात, मशीन को अकेला मत छोडो, आणि घरी आल्यावर आम्हाला. मिक्सर चालू असताना मी फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेले की मागून तुमचा आवाज, मशीन को अकेला मत छोडो. अहो, खोबऱ्याची चटणी आहे, ती कुठं पळून जाते? पण तुम्ही उठून जाणार, मिक्सर बंद करणार, मग येऊन बसणार. किती वेळा भांडले असेन मी यावरून.

आणि लिंबू. लिंबावरून तर आपलं रोजचं होतं. माहेरी, खुटबावला, माझ्या आईनं लावलेल्या झाडाच्या बियांतून मी ते रोप केलं होतं. लावलं तेव्हा मागं नुसतं कुंदा-हरळीचं तण होतं, कुणाला वाटलं होतं तिथं टिलर फिरेल म्हणून. मग तुम्हाला ते आडवं यायला लागलं. मातीत सरळ रेघेनं तास काढता येत नाही, झाडाशी मशीन उचलून वळवावं लागतं, मुळ्या पात्यात अडकतात. "काढू या का? कडंला दुसरं लावू." दर मोसमाला विचारायचात. आणि मी दर मोसमाला म्हणायचे, झाडाला हात लावलात तर मी खुटबावला निघून जाईन. तुम्ही म्हणायचात, "मग तर लौकर काढतो."

तुम्ही काढलं नाहीत. दरवेळी चिडत, पुटपुटत मशीन उचलून वळवलंत.

या वर्षी होळीच्या आधी उन्हाळी भाज्यांची तयारी काढलीत. पाणी दिलंत, मुठी सोडून झाल्या, आणि त्या सकाळी मी बघते तर टिलरच्या दांड्याला माझ्या जांभळ्या साडीचा काठ! दांडा दाबलेला आणि वरून काठानं करकचून बांधलेला. माझ्या भावाच्या लग्नातली साडी ती. जुनी झाली म्हणून काय फाडायची?

"बोटं जरा दुखत्यात," तुम्ही म्हणालात. "सारखं दाबून धराय लागतंय. बांधलं म्हंजी बरं पडतं."

"मग हात सोडला तर थांबेल कसं ते?"

"मी कशाला सोडतोय?"

"बाजारात दोऱ्या मिळत नव्हत्या? माझीच साडी दिसली?"

"तुला साडीचं पडलंय," म्हणालात, आणि दोरी ओढून मशीन चालू केलंत, म्हणजे पुढचं ऐकायला नको. आपलं शेवटचं बोलणं हे. साडीच्या काठाचं. लोकांची माणसं जाताना काय काय बोलून जातात म्हणे.

मी आत येऊन कणीक मळायला घेतली. मागं मशीनचा आवाज चालूच होता. त्या आवाजाची मला सवय होती. तो चालू आहे म्हणजे तुम्ही ठीक आहात, असंच मी धरून चालायचे. मग तो थांबला. तुमचं मशीन थांबलं की चहा टाकायचा, हे आपल्या घरातलं ठरलेलं. मी चहा टाकला. आलं किसून घातलं. उकळला, गाळला, दोन कप घेऊन मागच्या दारातून बाहेर पडले आणि भिंतीकडेच्या टणक पट्टीवरून, तुमच्या कायद्याप्रमाणे लांबून वळसा घेऊन आले. तुमची माती तुडवायला नको म्हणून. तुम्ही मशीनच्या बाजूला पडला होतात, कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, लिंबाच्या सावलीत झोपल्यासारखे.

लोक मागच्या फाटकातून आले, टणक बाजूनं. गाडीही तिकडंच लागली. तुम्हाला तिकडूनच नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका होता, काही करण्यासारखं नव्हतं. महेश स्मशानातून निघाला तेव्हा सगळे त्याला सांगत होते म्हणे, मागं वळून बघू नको, सरळ चल. मला कुणीतरी हे सांगितलं आणि माझ्या मनात नुसतं आलं की तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं का. ते का आलं हे तेव्हा माझं मलाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं तेव्हा कळलं.

मऊ मातीत तुमच्या बुटांची पावलं होती. तुमची, मऊ मातीत! टिलरपासून निघून सरळ दाराकडं आलेली. चार-पाच पावलं नीट दाराच्या रोखानं, आणि मग एक असं की टाच खोल रुतलेली आणि पुढचा भाग फिरलेला. तिथून पावलं परत मशीनकडं. वाकडीतिकडी, जवळजवळ.

तुम्ही माझ्याकडं येत होतात.

तुम्हाला काहीतरी झालं, हँडल सुटलं, आणि तुम्ही लांबची पट्टी सोडून, आयुष्यभराचा नियम सोडून, सरळ माझ्याकडं निघालात. आणि मधूनच वळलात. कारण मशीन थांबलंच नाही. दांडा बांधलेला होता. ते तुमच्याशिवाय एकटंच पुढं चाललं होतं, लिंबाच्या रोखानं. तुम्ही परत गेलात आणि इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलंत. पाती झाडापासून वीतभर अलीकडं थांबली.

मी महेशला दाखवलं. तो म्हणाला, "आई, आधीची असत्याल गं. कायतरी काढत बसू नको." त्याचंही खरं आहे, बापाची पावलं वाचण्याची ताकद नव्हती त्याच्यात त्या दिवशी. कोमल मात्र दारात उभी राहून बघत राहिली.  शेजारच्या कोंबड्या मातीत उकरायला आल्या तशी ती आत गेली आणि बांधकामातलं उरलेलं घमेलं घेऊन आली. पट्टीवरून जाऊन, हात लांब करून, तुम्ही वळलात त्या पावलावर तिनं ते पालथं घातलं. मग फोन वाजला आणि ती बोलत आत गेली. तुम्ही तिची बाजू का घ्यायचात ते मला त्या दिवशी कळलं.

बाकीची पावलं वाऱ्यानं आणि कोंबड्यांनी गेली. ते एक राहिलं.

आता मला सांगा. तुम्ही कशासाठी वळलात? माझ्या लिंबासाठी, की चालू मशीन सोडून जायचं नाही म्हणून? मी दिवसभर हेच विचारते. लिंबासाठी वळला असाल तर मी ते झाड उद्या मुळापासून काढीन. नुसत्या सवयीनं वळला असाल तर तुमच्या त्या कंपनीच्या कायद्याला काय म्हणू? मिक्सर बंद करायला उठायचात तसे उठलात? मरणाच्या दारात? पुढं आला असतात तर मी तिथं होते. वाचला असतात की नाही देव जाणे, डॉक्टर तर नाहीच म्हणाले. पण माझ्यापाशी आला असतात.

दहाव्याला राहूच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकून आभाळाकडं बघत उभे राहिले. भाऊजी तयारीतच होते, कावळा आला नाही तर काय काय कबूल करायचं ते त्यांनी वाटेत गाडीत ठरवलं होतं. महेशला सांभाळीन, वहिनींना काही कमी पडू देणार नाही, असं. मीही मनात एक धरून ठेवलं होतं. राहिलेली अर्धी जमीन मी करीन, हे मी म्हणणार होते, आणि मग कावळा शिवणार होता. माझी खात्री होती, तुमचा जीव त्यातच अडकलाय.

आणि कुणी तोंड उघडायच्या आत कावळा आला, शिवला आणि गेला.

"समाधानी गेला मानूस," सगळे म्हणाले. "काय राहिलं न्हाई मागं."

मला तिथं घाटावर इतका राग आला. काही राहिलं नाही? जमीन अर्धी, झाडाचं भांडण अर्धं, माझ्यापर्यंतची वाट अर्धी, आणि तुम्ही समाधानी? एवढी घाई? बायका माझे डोळे पुसत होत्या, त्यांना वाटलं मी रडतेय. रडतही होते म्हणा.

मग भाऊजी घरी आले. लिंबाकडं बघून म्हणाले, "वहिनी, ह्ये झाड आता काढून टाका. दादा तिथंच गेला, बरं न्हाई घरामागं. आन् मशीन पडून खराब व्हईल. रविवारी टेम्पो घिऊन येतो, राहूला वापरात तरी ऱ्हाईल."

चांगल्या मनानंच म्हणाले. रात्रीच्या जेवणापर्यंत मी त्यावरच विचार करत राहिले. टिलर गेला की हे सगळं संपेल, असं एकीकडं वाटलं. मागचं दार उघडायला मग भीती वाटणार नाही. ती सामसूम तरी थांबेल. तुम्हाला सांगते, मला मशीनचा आवाज ऐकू येतो असं नाही. मला तो बंद झालेला ऐकू येतो. कणीक मळताना एकदम वाटतं, आत्ता थांबला. आणि हात आपोआप चहाच्या पातेल्याकडं जातो. कोमलनं किती वेळा गॅस बंद केलाय माझ्यामागून.

जेवण झाल्यावर भाऊजींना फोन केला. म्हटलं, टेम्पो आणू नका.

राहिलेल्या अर्ध्याला पाणी दिल्याशिवाय टिलर चालणार नव्हता, ती जमीन वाळून फरशी झालेली. आणि पाणी दिलं की ते मऊ अर्ध्यात उतरणार, घमेल्याखालीही जाणार, हे मला दिसत होतं. तरी पाइप सोडला. कोमल दारात आली.

"आई, तिकडं चाललंय पानी."

"दिसतंय मला."

ती खाली बसली आणि घमेल्याभोवती हातानंच मातीचा छोटा बांध घालायला लागली. मी घालू दिला. पाणी खालून गेलंच असणार. 

वापसा यायची वाट बघितली. तुमच्याशी मनात हेच सगळं बोलत रोज मूठ सोडायचे. आज सकाळी ती पडली आणि फुटली.

कागद काढला. आधी दांड्याची गाठ सोडायला घेतली. सुटेना. मग जवळून बघितली तर काठावर तुमच्या दातांच्या खुणा. एक टोक दातात धरून एकाच हातानं मारलेली गाठ होती ती. म्हणजे डावा हात तुमचा कामातूनच गेला होता त्या सकाळी. बोटं जरा दुखत्यात! बाजारात भेटलेल्या माणसाला तुम्ही खरं सांगितलं असतंत, मला नाही. मी तुमच्याशी साडीवरून भांडत होते आणि तुम्ही मला भांडू दिलंत. कदाचित त्याच्यामुळंच तुम्हाला बरं वाटत असेल, सगळं नेहमीसारखं चाललंय असं. मला असं समजून घ्यावं लागतंय, दुसरं काय करू. गाठ सोडवली, काठ धुऊन दोरीवर टाकला.

पेट्रोलचा खटका उघडला, चोक ओढला, दोरी ओढली. पुन्हा ओढली. चालू झालं. हँडल तुमच्या उंचीचं, माझ्या खांद्याशी येत होतं. आधी मशीन मागं ओढून तोंड लिंबापासून दूर केलं. मग टणक बाजूनं चालत, तुमच्यासारखी. पहिल्या दोन रेघा नागमोडी झाल्या, नंतर जमत गेलं. लिंबाशी येऊन मशीन उचलून वळवताना मी चक्क पुटपुटत होते. तुम्ही काय पुटपुटायचात ते आज कळलं. मेलं खरंच आडवं येतं ते झाड. पण राहू दे. ते मी काढणार नाही. तुम्ही कशासाठी वळलात ते मला कळलं नाही, कळणारही नाही, आणि त्याचा राग झाडावर काढून ते कळणार आहे का?

पलीकडचा अर्धा झाला. मग दाराकडच्या अर्ध्याला दुसरा हात घ्यायला लागले, पाण्यानं वरची माती बसली होती. एक रेघ, दुसरी रेघ, घमेलं जवळ येत चाललं. त्याच्याशी पोचले तेव्हा मी डावा हात सोडला. पाती थांबली. लई इमानदार मशीन. मग लाल बटण दाबलं आणि घमेलं उचलायला खाली वाकले.

पावलाचे काठ बसले होते. टाचेच्या जागी एक खळगा, बस. बुटाचं काही ओळखू येत नव्हतं. मी तिथंच उकिडवी बसले. त्याच्यावर टिलर घालायचा की तेवढं सोडून द्यायचं, ते ठरेना.

आणि मागचं दार धाडकन भिंतीवर आपटलं.

कोमल धावत येत होती. हात पिठानं भरलेले, पायात काही नाही. पट्टीवरून नाही, सरळ मातीतून, मी नुकत्याच केलेल्या मऊ मातीतून, घोट्यापर्यंत पाय रुतवत. "आई! आई!"

मी ओरडले, "मऊ मातीत पाय नको!" शब्द माझ्या तोंडून निघाले आणि मी दचकले, ते तुमचे होते.

ती ऐकतेय कशाला. येऊन मला धरलं तिनं, पिठाच्या हातांनी, दोन्ही खांद्यांना. 

"मशीन बंद झालं," ती म्हणाली. "एकदम बंद झालं ना, आई. आन् तुम्ही दिसंना."

मी खाली बसले होते, म्हणून दिसत नव्हते. एवढंच. पण तिनं चहा टाकला नव्हता. या घरात आता मशीन बंद झालं की चहा टाकत नाहीत, धावत येतात. तुमच्यामागं काही राहिलं नाही म्हणतात, पण हे राहिलं आहे.

मग तिनं खाली बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. तिचं शेवटचं पाऊल त्या खळग्यातच पडलं होतं. जिनं इतके दिवस कोंबड्यांपासून ते राखलं, पाण्यापासून राखलं, तिचंच. तुमच्या टाचेच्या जागी तिची पाच बोटं उमटली होती.

"आई, पाय पडला माझा."

"पडू दे," मी म्हटलं. "तुझा पडला ते बरं झालं."

मला आधी वाटलं मी तिची समजूत काढतेय. पण तसं नव्हतं, अहो. दारापासून माझ्यापर्यंत तिची पावलं सरळ आलेली होती, एकही फिरलेलं नव्हतं. मला बघून रडू आलं, आणि या वेळी रागाचं नव्हतं.

"मशीन बंद हाय ना?" डोळे पुसत तिनं विचारलं.

"बंद हाय."

तिनं माझा हात धरून मला उठवलं. मग आम्ही दोघी मऊ मातीतूनच निघालो. तुम्ही रागावला असाल तर रागवा. जिथून तुम्ही वळलात, तिथून दारापर्यंतची तुमची राहिलेली वाट आम्ही चाललो. पाठीमागं मशीन होतं, लिंबू होतं, आणि पाठीमागं तुम्ही उभे आहात असं मला स्पष्ट वाटत होतं. दार येईपर्यंत मी मागं वळून बघितलं नाही.